रविवारी दूध संपलं तर काय करायचं? अमेरिकेतून जर्मनीत आल्यावरचे धक्के

झोळीवाली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लेक झोपलीये आणि बाहेर पाऊस आहे म्हणून बसलेच. नऊ वर्षं न्यू जर्सीत काढली, एडिसनच्या आसपास, म्हणजे मेथीपासून फणसाच्या गऱ्यांपर्यंत सगळं पंधरा मिनिटांच्या ड्राइव्हवर. दीड वर्षापूर्वी नवऱ्याच्या नोकरीपायी श्टुटगार्टला आलो. मला वाटलेलं दोन्ही "फॉरेन"च की, काय एवढा फरक पडणारे. तर तसं काही नसतं.

पहिलाच शनिवार. रात्री साडेदहाला लक्षात आलं की दूध संपलंय. म्हटलं ठीके, सकाळी आणू. रविवारी सकाळी पायात चपला सरकवून खाली गेले तर सुपरमार्केट बंद. म्हटलं दहाला उघडत असेल, चक्कर मारून आले, तरी बंद. एक आजी कुत्र्याला फिरवत होत्या, त्यांनी माझ्याकडे बघून एकच शब्द उच्चारला, "झोनटाग". रविवार. म्हणजे त्यांच्या दृष्टीने विषय संपला. शेवटी ट्रॅमने मेन स्टेशनवर गेलो, तिथली दुकानं रविवारीही चालू असतात, तिथून एक लिटर टिकाऊ दूध आणलं आणि चहा प्यायलो साडेबाराला. नंतर कळलं की रविवारची सुट्टी इथे नुसती रीत नाहीये, थेट राज्यघटनेत आहे. १९१९च्या वायमार घटनेतलं रविवार हा विश्रांतीचा दिवस असल्याचं कलम आत्ताच्या घटनेने जसंच्या तसं उचललंय. दुधासाठी घटनादुरुस्ती कोण करणार! बेकरी रविवारी दोन-चार तास उघडी असते, पेट्रोल पंपावर चिप्स-बिप्स मिळतात, बाकी सामसूम.

दुसरा धक्का घराचा. एजंट घर दाखवत होता, हॉल छान, बेडरूम छान, मग एका खोलीत नेऊन म्हणाला हे किचन. खोलीत भिंतीतून आलेले दोन पाइप, एक इलेक्ट्रिकचं तोंड आणि टाइल्स, बस्स. मी विचारलं किचन कुठंय, तो म्हणाला हेच. इथे बरेच भाडेकरू घर सोडताना ओटा, सिंक, कपाटं सगळं उचकटून घेऊन जातात किंवा पुढच्याला विकतात. छताला दिवेही नसतात, नुसत्या वायरी लोंबत असतात. आम्ही सात आठवडे जमिनीवर इंडक्शनची शेगडी मांडून मांडी घालून स्वयंपाक केला आणि भांडी बाथरूमच्या बेसिनमध्ये घासली. आजी चुलीपुढे बसायची तशी मी बसायचे, फक्त मर्सिडीजच्या गावात.

मग किचन आलं तर फ्रिज एवढुस्सा, ओट्याखाली बसणारा. न्यू जर्सीत दोन दारी फ्रिज होता आणि गराजमध्ये अजून एक फ्रीझर, महिन्यातून दोनदा गाडी भरून सामान आणायचं, अर्धी कोथिंबीर मागच्या मागे काळी पडायची आणि ती टाकताना कधी काही वाटायचं नाही. इथे दर दोन दिवसांनी झोळी घेऊन चालत जाते (आयडी त्यावरूनच घेतलाय). सुरुवातीला वैताग यायचा, आता कोथिंबीर सडत नाही. सात किलो कमी झाले माझे, डाएट वगैरे काही नाही, नुसते जिने आणि झोळी.

जेवणाचं म्हणाल तर इथली खरी मजा ब्रेडमध्ये आहे. अमेरिकेत ब्रेड म्हणजे स्पंज, दाबला की परत वर येतो. इथला दाबून बघा, तोच तुम्हाला दाबेल. राय नावाच्या धान्याचा, सूर्यफुलाच्या बियांचा, भोपळ्याच्या बियांचा, आंबवलेला, वर टणक आत ओलसर. रात्री बरेच जण गरम जेवतच नाहीत. ब्रेड, चीज, काकडी, मुळ्याच्या चकत्या, लोणचंवजा काहीतरी, त्याला आबेंडब्रोट म्हणायचं. सासूबाई आल्या होत्या तेव्हा शेजाऱ्यांनी बोलावलं, घरी येऊन त्या म्हणाल्या, "अगं आपल्याला बोलावलं आणि स्वयंपाकच केला नाही!" मग त्यांना पिठलं-भात करून घातला.

आणि हो, मिक्सर. एका रविवारी दुपारी दीडला मी खोबऱ्याची चटणी वाटली. दुसऱ्या दिवशी दारावर चिठ्ठी, अतिशय सुवाच्य अक्षरात, "प्रिय शेजारी, रविवारी दुपारी चालणारे आपले यंत्र आमच्यापर्यंत ऐकू येते, कळावे." त्याच आठवड्यात दाराला एक लाकडी पाटी लटकलेली, "केअरवोखे". मला वाटलं चुकून आमच्या दाराला अडकवली, शेजारच्या दाराला लावून आले. त्यांनी परत आणून लावली. ती पाटी आली की त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी आपली, ही खास श्वाबेन भागातली पद्धत. न्यू जर्सीत नऊ वर्षांत शेजाऱ्याचं आडनाव कळलं नव्हतं पण तो रोज "हाउ आर यू" म्हणायचा. इथे कुणी हसतसुद्धा नाही पण जिना नीट झाडला नाही तर लगेच कळतं त्यांना.

मला असं वाटायला लागलंय की अमेरिकेत जग तुमच्या वेळेवर चालतं, दुकान तुमच्यासाठी थांबतं, फ्रिज तुमच्यासाठी मोठा होतो. इथे तुम्ही दुकानाच्या, शेजाऱ्याच्या, बेकरीच्या वेळेवर चालायचं. आणि मला हे दुसरं आवडायला लागलंय, म्हणून जरा काळजी वाटतेय. तुमचे अनुभव लिहा.

खवचट_पेठकर

एवढा लांबचा प्रवास करून तुम्ही पुण्यातच पोचलात की हो. १ ते ४ दुकान बंद, दुपारी बेल वाजवू नये, चिठ्ठीत "कळावे", बोलताना चेहऱ्यावर रेषा हलत नाही. सदाशिव पेठेत याला संस्कृती म्हणतात, उगाच जर्मनांना श्रेय देऊ नका.

अजून एक, न्यू जर्सीत होतात म्हणता, बर्गन काउंटीत कधी रविवारी कपडे घ्यायला गेला नाहीत वाटतं. पॅरामसचे एवढे मोठमोठे मॉल रविवारी बंद, कारण जुने ब्लू लॉज, म्हणजे रविवारच्या विक्रीवर बंदी घालणारे कायदे, अजून लागू आहेत. किराणा चालतो पण शर्ट, टीव्ही, सोफा नाही. तेव्हा "अमेरिकेत सगळं कायम चालू" हे अर्धसत्य.

झोळीवाली

@पेठकर हाहा, अहो पॅरामस विसरलेच! पण तिथे बंद असलं तर लोक गाडी काढून पलीकडच्या काउंटीत जातात. इथे पलीकडच्या काउंटीतही झोनटागच असतो.

ह्यूस्टनकर_तात्या

धागा छान पण युरोपचं कौतुक जरा जास्त होतंय, म्हणून विरोधी पक्षात बसतो.

गेल्या उन्हाळ्यात आईला घेऊन पॅरिस, ब्रुसेल्स आणि तुमचं जर्मनी केलं. आई ८१ वर्षांची, व्हीलचेअरवर. पॅरिसच्या मेट्रोत मोजक्याच स्टेशनांवर लिफ्ट, बाकी जिनेच जिने, शेवटी तीन दिवस टॅक्सीच केली. एका हॉटेलात लिफ्ट होती, तिच्यात खुर्ची मावेना, म्हणून आई एकटी लिफ्टने आणि मी खुर्ची डोक्यावर घेऊन जिन्याने. रेस्टॉरंटचं टॉयलेट तळघरात, गोल जिना उतरून. इथे टेक्सासमध्ये कुठल्याही टपरीवजा टाको शॉपमध्ये रॅम्प आहे, रुंद दार आहे, टॉयलेटला धरायला दांडी आहे, कारण अपंगांच्या हक्कांसाठीचा १९९०चा एडीए कायदा आहे आणि पाळला नाही तर कोर्टात खेचतात. जुनी दगडी गल्ली फोटोत सुंदर दिसते हो, खुर्चीची चाकं त्या दगडांवर ढकलून बघा एकदा, खांदे निखळतात.

दुसरं पाणी. ३८ डिग्री गरमीत जर्मनीत पाणी मागितलं तर आधी प्रश्न, गॅसवालं की बिनगॅसचं, मग इटुकली बाटली आणि तिचे साडेतीन युरो. बिअर पाण्यापेक्षा स्वस्त! आमच्याकडे बसल्या बसल्या बर्फ घातलेला भलामोठा ग्लास समोर येतो, अर्धा झाला की न मागता परत भरतात. आणि एसी. नाही म्हणजे नाही. हॉटेलवाला म्हणाला खिडकी उघडा. खिडकी उघडली तर खाली बार.

बाकी टिपच्या बाबतीत मात्र युरोप जिंकला हे मान्य. इथे आता कॉफीचा कप हातात देऊन स्क्रीन फिरवतात आणि १८, २०, २५ टक्के विचारतात, ती मुलगी समोर उभी राहून बघत असते, आपण गुन्हेगारासारखे २० दाबतो. आणि पाटीवर लिहिलेली किंमत आणि बिलावरची किंमत कधी जुळत नाही, टॅक्स वेगळा. तिकडे लिहिलंय ते द्या आणि चालू पडा.

ल्योंची_लेक

तात्या, आईंचे हाल वाचून वाईट वाटलं, त्या बाबतीत फ्रान्सचा बचाव करणार नाही. पण पाण्याचं फ्रान्समध्ये तसं नाहीये! "यून कराफ द'ओ" म्हणायचं, नळाचं पाणी जगमधून फुकट आणून द्यावंच लागतं, कायदा आहे. युरोप म्हणजे एक देश नाही हो, जर्मनीवरून आम्हाला मोजू नका.

आमच्याकडचा घोळ वेगळा. इथे दुकानात शिरल्यावर आधी "बोंजूर" म्हणायचं. मी पहिल्यांदा बेकरीत घाईत गेले आणि थेट "दोन बागेत" (लांबुडके ब्रेड) म्हटलं, तर बाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं, मग शांतपणे "बोंजूर मादाम" म्हणाल्या आणि थांबल्या. मी बोंजूर म्हणेपर्यंत हात हलला नाही त्यांचा. अमेरिकेत भाऊ राहतो, त्याच्याकडे काउंटरवरचा पोरगाच आधी "हे, हाउज इट गोइंग" करतो. इथे सुरुवात गिऱ्हाइकाने करायची, घर त्यांचं आहे.

जेवणाचं तर विचारूच नका. ऑफिसात डेस्कवर डबा उघडला तर सगळे काळजीने बघायला लागले, बरं वाटत नाहीये का? कामाच्या जागी जेवू द्यायचं नाही असं इथल्या कामगार कायद्यातच आहे, २०२१ला कोविडमध्ये तेवढ्यापुरती सूट द्यावी लागली होती. साडेबाराला सगळे उठणार, बसून जेवणार, चीज होणार, कॉफी होणार. भावाच्या ऑफिसात मीटिंग चालू असताना कॅमेरा बंद करून सॅलड खातात. तो म्हणतो तुम्ही काम कधी करता, मी म्हणते तू जेवतोस कधी.

लेकाच्या शाळेतलं सांगते. कॅन्टीनमध्ये आधी सुरुवातीची डिश, मग मुख्य, मग चीज, मग फळ किंवा गोड. केचप हवं तेवढं ओतून घ्यायला मनाई, २०११चा सरकारी आदेश आहे, ब्रेड आणि पाणी मात्र हवं तेवढं. आणि २०१९पासून आठवड्यातून एक जेवण शाकाहारी ठेवावंच लागतं. आमचं पोरगं त्या दिवसाला "आजीचा वार" म्हणतं.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितेय. मी आधी क्लीव्हलँड, आता पुणे, त्यामुळे खवचट काकांना अनुमोदन. एक बारीक गोष्ट, युरोपात लिफ्टमध्ये तळमजला शून्य असतो आपल्यासारखा. अमेरिकेत तळमजल्यालाच फर्स्ट फ्लोअर म्हणतात, मी पहिल्या आठवड्यात दुसऱ्यांच्या दाराला किल्ली लावत होते.

मिलानी

इटलीतून हजेरी. कॉफीवर कुणीच कसं नाही लिहिलं?

अमेरिकेत कॉफी म्हणजे बादली, गाडीत होल्डर, दिवसभर घोट घोट. इथे बारमध्ये उभं राहायचं, चमचाभर कॉफी, दोन घोटांत संपली, एक-सव्वा युरो ठेवायचा, निघायचं. खुर्चीवर बसलात तर तीच कॉफी दुप्पट-तिप्पट महाग पडू शकते, टूरिस्ट लोक तिथे फसतात आणि मग लुटलं लुटलं म्हणून रिव्ह्यू टाकतात. आणि जेवणानंतर कापुचिनो मागितली तर वेटर देतो, नाही असं नाही, पण आमरसानंतर ताक-भात मागितल्यासारखं बघतो. दूध सकाळी, जड जेवणावर नाही, हे त्यांचं आजीछाप आयुर्वेद.

इथल्या लोकांची खाण्याबद्दलची चिडचिड जुनी आहे. १९८६ला रोममध्ये पियात्झा दि स्पान्या या चौकाजवळ मॅकडॉनल्ड्स आलं तेव्हा कार्लो पेत्रीनी वगैरे मंडळींनी निदर्शनं केली, त्यातूनच पुढे फास्ट फूडविरोधी स्लो फूड चळवळ झाली. ते मॅकडॉनल्ड्स राहिलंच, चळवळही राहिली, लोक दोन्हीकडे जातात.

आता शाकाहारी मंडळींनी कान इकडे करा. पार्मिजानो रेज्जानो, म्हणजे खरं पार्मेसान, शाकाहारी नाही. दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट घालतात, नियमच तसा आहे. अमेरिकेत "पार्मेसान" नावाने वनस्पती किंवा बुरशीजन्य रेनेटचं चीज मिळतं, पाकीट वाचून घेता येतं. युरोपात ते नाव फक्त इटलीतल्या त्या चीजलाच लावता येतं, म्हणजे इथे पार्मेसान लिहिलंय याचा अर्थ वासराचं रेनेट आहेच. माझी मावशी आठ दिवस मजेत पास्त्यावर किसून घेत होती, मी बोलले नाही, तिची काशीयात्रा झालेली आहे.

झोळीवाली

@मिलानी काय सांगताय!! दीड वर्ष खातोय आम्ही! सासूबाईंना तर मी स्वतःच्या हाताने किसून वाढलंय. हा धागा त्या वाचत नाहीत एवढीच आशा. तुमच्या मावशींचं गुपित तुमच्याकडे, माझं माझ्याकडे.

@तात्या, व्हीलचेअरचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आमच्या बिल्डिंगलाही लिफ्ट नाही, चौथा मजला. बाबा येणार होते, गुडघ्यामुळे त्यांचं येणंच रद्द झालं. ते मी वर लिहिलं नाही कारण चिडचिड होते.

पण मग सुट्ट्यांचंही बोला की. नवरा ऑगस्टमध्ये दोन आठवडे रजेवर होता, त्यातले चार दिवस तापाने आडवा. कामावर गेल्यावर एचआरने विचारलं डॉक्टरची चिठ्ठी आहे का, होती, तर चार दिवस रजा परत खात्यात जमा! इथे आजारपण सुट्टीत मोजत नाहीत. पाच दिवसांच्या आठवड्याला वीस दिवस सुट्टी कायद्यानेच, बऱ्याच कंपन्या तीसच्या आसपास देतात. अमेरिकेत भरपगारी सुट्टी द्यायलाच हवी असा केंद्रीय कायदाच नाही, देतील ती घ्यायची. तिथे मी ताप असताना लॅपटॉप पोटावर ठेवून मीटिंग केलीये आणि वर "सॉरी माझा आवाज बसलाय" म्हटलंय.

ह्यूस्टनकर_तात्या

ते आहे. पण पगार पण बोला मग, आणि टॅक्स पण.

झोळीवाली

पगाराचं नको, नवरा शेजारी बसलाय.

तिरपी_वीट

नेदरलँड्समधल्या उट्रेख्टहून. आमच्याकडे दुपारी ब्रेड-चीज, सकाळी ब्रेडवर चॉकलेटचे दाणे (मोठी माणसंसुद्धा, सूट-बूट घालून), संध्याकाळी सहाला जेवण खल्लास. वाढदिवसाला बोलावतात तर सगळे गोल करून बसतात आणि उत्सवमूर्तीसोबत तिच्या आईचं, नवऱ्याचं, सासूचंही अभिनंदन करायचं असतं. मग कॉफी आणि केकचा एक तुकडा. आम्ही पहिल्यांदा रिकाम्या पोटी गेलो होतो, मराठी वाढदिवस समजून. येताना फ्राइज घेतले.

पोदेरवाट

म्हापशाचा आहे, सध्या लिस्बनला. ब्रेडचा विषय निघाला म्हणून राहवेना.

आपण ज्याला पाव म्हणतो तो शब्दच मुळात पोर्तुगीज, पांव. गोंयात पहाटे पोदेर (पाववाला) सायकलवर टोपली बांधून भोंपू वाजवत येतो, त्या आवाजाने झोप उघडते. कडक उंडे, कोंडा लावलेली पोई, कांकणं, असे पावाचे प्रकार. आई दाराशी पिशवी लटकवून ठेवायची, पोदेर त्यात मोजून टाकून जायचा. म्हणून लिस्बनला आल्यावर कोपऱ्यावरची बेकरी मला नवीन वाटलीच नाही, उलट अमेरिकेत सहा महिने प्रोजेक्टवर होतो तेव्हा उपरा वाटलो. तिथला ब्रेड पहिल्यांदा तोंडात घातला, म्हटलं गोड का लागतोय, कुणी चुकून केकचं पीठ घेतलं का? पाकीट वाचलं तर साखर वरच्या चार-पाच पदार्थांत. मला वाटलं माझीच जीभ नाटकी, पण २०२०मध्ये आयर्लंडच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की सबवेच्या सँडविचचा ब्रेड हा करसवलतीपुरता ब्रेडच नाही. त्यांच्या कायद्यात साखर पिठाच्या दोन टक्क्यांपर्यंत चालते, यात होती दहा टक्के. कोर्टाने सांगितल्यावर मन शांत झालं.

फक्त एक, युरोपवाल्यांनी उगाच मिशीला पीळ देऊ नये. इथल्या सुपरमार्केटमध्येही स्पंज ब्रेड ढीगभर विकला जातो आणि पोरं तोच मागतात. आणि गोंयात पण पोदेर कमी होत चाललेत, पहाटे तीनला भट्टी पेटवायला पोरं तयार नाहीत. आमच्या वाड्यावर आता एकच येतो, तोही स्कूटरवर. भोंपू तोच आहे.

खवचट_पेठकर

पोदेरबाब, पोस्ट वाचून भूक लागली. आता १ वाजलाय, बेकरी ४ला उघडेल.

वाचनमात्र

झोळीवाली ताई, अवांतर आहे पण माझी बहीण पुढच्या महिन्यात म्युनिकला जातेय, तिच्या लेकीचं बारसं तिथेच करायचंय, श्रीखंड करायचं म्हणतेय. अमेरिकेत आम्ही ग्रीक योगर्टचं करायचो. तिथे चक्का मिळतो का?

झोळीवाली

मिळतो का म्हणजे! अगं या देशाची सगळ्यात मोठी देणगी तीच आहे, क्वार्क. दह्याच्याच शेल्फवर २५० आणि ५०० ग्रॅमचे डबे असतात. तिला सांग "मागर" लिहिलेला घेऊ नको, तो बिनसायीचा, कितीही घोट, रवाळ आणि आंबटच राहतो. ४० टक्केवाला घ्यायचा. ४० आकडा बघून घाबरू नको, ते पाणी सोडून उरलेल्या भागातलं प्रमाण असतं, पूर्ण डब्यात फॅट दहा-अकरा टक्केच. सुती पंचात बांधून फ्रिजमध्ये चाळणीवर ठेव, तीन-चार तास पुरतात, रात्रभर टांगायची गरज नाही. मग पुरणयंत्रातून काढायचं. मिक्सर नको, पातळ होतं. (आणि शेजारी आहेत.) पिठीसाखर थोडी कमीच, क्वार्क आपल्या चक्क्यापेक्षा कमी आंबट असतो. केशर आणि वेलची न्यायला सांग, चारोळी पण, ती इथे मला अजून दिसलेली नाही.

वाचनमात्र

थँक्यू ताई! बारसं रविवारी आहे, तिथे पोचतेय शनिवारी रात्री साडेनऊला.

झोळीवाली

मग मेन स्टेशन. रविवारी सकाळी तिथे रांग असते, तिला लवकर जायला सांग. झोळी घेऊन.